निनावी प्रोफाइलदर्शन

व्यावसायिक संपर्कस्थळावर आपले नाव कळू न देता दुसऱ्या सदस्याची प्रोफाइल पाहण्याची सोय. तिची चर्चा मुख्यतः लिंक्डइनच्या (स्थापना २००२, सदस्यांसाठी खुले २००३) संदर्भात होते.

उगम : प्रोफाइल कोणी पाहिली हे दाखवण्याची प्रथा व्यावसायिक स्थळांनीच पाडली, असे अनेकदा लिहिले जाते; ते फारसे टिकणारे नाही. जपानमध्ये २००४ साली सुरू झालेल्या मिक्सी या समाजमाध्यमावर पाऊलखुणा या अर्थाच्या ‘आशिआतो’ नावाने अशी यादी दिसे, आणि फ्रेंडस्टर या समाजमाध्यमाने २००५ च्या सुमारास तशीच सोय आणली. तेव्हा ही प्रथा गप्पागोष्टींच्या स्थळांवरून नोकरी-धंद्याच्या स्थळांकडे आली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मिक्सीने २०११ मध्ये या यादीचे स्वरूप बदलले, तेव्हा विरोध केला तो सदस्यांनीच. आपल्याकडे कोण डोकावले हे प्रत्येकाला हवे असते. आपण कोठे डोकावलो ते मात्र कोणाला कळू नये, असेही वाटते.

स्वरूप : लिंक्डइनवर तीन पर्याय आहेत. पहिल्यात नाव व हुद्दा दिसतो, तिसऱ्यात केवळ ‘लिंक्डइन सदस्य’ एवढेच. अडचण मधल्या, अर्धखासगी पर्यायाची आहे. त्यात नाव झाकले जाते. पण हुद्दा, कंपनी, उद्योगक्षेत्र किंवा शिक्षणसंस्था यांपैकी काही तपशील उघडा राहतो. ‘अमुक कंपनीतील विधी विभागप्रमुख’ एवढे दिसले आणि त्या कंपनीत असा माणूस एकच असला, की नाव झाकून उपयोग काय? निनावीपणा नाव गाळण्यावर ठरत नाही. तोच तपशील लागू पडणारी माणसे किती, यावर ठरतो. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली मांडलेल्या अंदाजानुसार जन्मतारीख, लिंग व पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येण्याजोगे होते. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी भरला. मूळ तत्त्व मात्र मान्य झाले आहे.

पूर्ण खासगी पर्याय घेणाऱ्या मोफत खातेदाराला स्वतःची प्रोफाइल कोणी पाहिली हेही दिसेनासे होते. पैसे भरणाऱ्याला ही अट नाही. या अटीचे समर्थन परस्पर विश्वासाच्या नावाने केले जाते. सशुल्क खात्याला मिळणारी सूट पाहता ती व्यापारी युक्ती मानणेच रास्त ठरेल.

मर्यादा : हा पडदा फक्त दोन सदस्यांमधला. खात्यात लॉग-इन करून प्रोफाइल पाहिली, तर स्थळाकडे भेटीची नोंद होतेच. ब्राउझरची इन्कॉग्निटो (भेटींचा इतिहास न जपणारी) खिडकीही लॉग-इन केल्यावर या बाबतीत निरुपयोगी. पसंतीची खूण, टिप्पणी किंवा संपर्काची विनंती पाठवली, की नाव उघड होते. नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दाखवता येते. ती स्वतःच्या कंपनीपासून लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, हमी देत नाही.

कायदा : वर्तनविश्लेषण व लक्ष्यित जाहिराती यांसाठी सदस्यांची माहिती वापरल्याबद्दल आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लिंक्डइनला ३१ कोटी युरोंचा दंड केला. सार्वजनिक प्रोफाइलमधील माहिती यंत्राद्वारे गोळा करण्याचा प्रश्न वेगळा. तो अमेरिकेत हायक्यू लॅब्ज ही माहिती-विश्लेषण कंपनी व लिंक्डइन यांच्यातील खटल्यात २०१७ ते २०२२ या काळात लढवला गेला.