रक्त पातळ करणारी गोळी आणि रक्तस्रावाचा हिशेब

हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले की डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. एट्रिअल फिब्रिलेशन या विकारात ही शक्यता सुमारे पाचपट असते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी ती जवळजवळ दोन तृतीयांशाने घटवते. मात्र त्याच गोळीने जठरात किंवा मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.

हा दुसरा धोका जोखण्यासाठी २०१० मध्ये ‘हॅज-ब्लेड’ ही गुणपद्धती मांडली गेली. वरचा रक्तदाब १६० च्या पुढे असणे, मूत्रपिंडाचा गंभीर बिघाड, यकृताचा गंभीर बिघाड, पूर्वीचा पक्षाघात, पूर्वीचा मोठा रक्तस्राव, सतत वरखाली होणारा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा), ६५ च्या पुढचे वय, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके आणि अतिमद्यपान यांचा प्रत्येकी एक असे कमाल ९ गुण होतात. ३ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा.

बेरीज ३ आली की घरची मंडळी घाबरून गोळी थांबवतात, आणि मला सर्वांत मोठी चूक हीच वाटते. वय, रक्तदाब आणि पूर्वीचा पक्षाघात या गोष्टी गुठळीचा धोकाही वाढवतात, त्यामुळे ज्याला रक्तस्रावाची भीती अधिक, त्यालाच बहुधा गोळीची गरजही अधिक असते. गुण मोजायचे ते त्यांतले काय सुधारता येईल हे शोधण्यासाठी. वय कमी करता येत नाही, रक्तदाब आटोक्यात आणता येतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीविना आणलेली डायक्लोफेनॅकची स्ट्रिप तर आजच बाजूला ठेवता येते. ती जठराचे अस्तर दुबळे करते आणि रक्तबिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) कामही मंदावते. म्हणून तपासणीला जाताना केवळ फाईल नव्हे, तर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी.

अपिक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआरची नियमित तपासणी लागत नाही. तरीही आपल्याकडे संधिवातज्वराने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण बरेच आहेत, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत अशा झडपविकाराच्या रुग्णांना रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या वर्गातील जुनी औषधेच अधिक हिताची ठरली. ही जुनी औषधे घेणाऱ्यांचा आयएनआर साधारणपणे २ ते ३ मध्ये राखावा लागतो. त्यासाठी मेथी-पालक वर्ज्य करण्याचे कारण नाही. पण पंधरा दिवस पालेभाजी अजिबात नाही आणि मग रोज जुडीभर, असे झाले तर त्यांतील के जीवनसत्त्वामुळे आयएनआर हमखास हलतो.