कर्ज कशाने भागायचं?

अर्थसंकल्प आला की एक संदेश हमखास फिरतो: 'तुमच्या डोक्यावर इतक्या हजारांचं कर्ज आहे.' देशाचं कर्ज भागिले लोकसंख्या. आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण त्यातून कळत काहीच नाही. सरकार कर्ज फेडतं ते देशाच्या उत्पन्नातून मिळणाऱ्या करावर. म्हणून कर्जाला भागायचं ते जीडीपीने, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाने.

समजा, जीडीपी १०० आणि कर्ज ८०. व्याजदर ७ टक्के, आणि व्याजही नवं कर्ज काढूनच भरलं. वर्षअखेर कर्ज ८५.६. आता महागाई धरून जीडीपी १० टक्क्यांनी वाढला, तर ८५.६ भागिले ११०, म्हणजे सुमारे ७८ टक्के. एक पैसा न फेडता ओझं हलकं झालं! वाढ ४ टक्केच झाली, तर तेच कर्ज ८२ टक्क्यांच्या वर जातं. एव्हसी डोमार या अर्थशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये हेच दाखवलं: ओझं किती, हे उत्पन्नवाढीच्या वेगावर ठरतं. मला हे गणित फार सुंदर वाटतं.

व्याज वगळून जी तूट उरते, तिला प्राथमिक तूट म्हणतात. कर्जाचं प्रमाण स्थिर ठेवून ती किती परवडेल? प्रमाण गुणिले (वाढ उणे व्याजदर), भागिले (१ अधिक वाढ). आपल्या पहिल्या उदाहरणात जीडीपीच्या २.१८ टक्के, म्हणजे ११० पैकी २.४. कर्ज ८८ होतं आणि ८८ भागिले ११० पुन्हा ८० टक्के! व्याजदर जीडीपीच्या वाढीपुढे गेला की हेच उत्तर उणे येतं. मग तूट सोडाच, शिल्लक टाकावी लागते.

म्हणूनच 'विकास झाला की कर्ज आपोआप विरतं' हे आश्वासनही तितकंच फसवं आहे. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस व्हॅट, म्हणजे वस्तू-सेवांच्या विक्रीवरचा कर, १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. पाठोपाठ कोविड आला, पर्यटन थांबलं, जीडीपी आकसला. त्यात कर्जाचा मोठा हिस्सा परकी चलनात. मार्च २०२२ मध्ये तिथला रुपया कोसळला, तेव्हा नवं कर्ज न काढताही रुपयांतलं ओझं फुगलं. १२ एप्रिल २०२२ ला परकी कर्जाची परतफेड थांबली. जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे, पण ते येनमध्ये आणि बहुतांश देशातल्याच लोकांचं व संस्थांचं.

आपल्याकडे प्राथमिक तुटीचा आकडा अर्थसंकल्पाच्या 'एका दृष्टिक्षेपात' या छोट्या दस्तऐवजात दिलेला असतो. मी दरवर्षी आधी तोच उघडतो.