फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा
चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज पुन्हा टाकण्याविषयी, आमच्या ग्राहकांसाठी

कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक थेट सांगतात, "विंडोज उडालीय, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट मारायला आमची ना नाही. पण त्यात ड्राइव्हवरचं सगळं जातं आणि बऱ्याचदा त्याची गरजच नसते. मशीन आमच्याकडे आणा, ओळखीच्या माणसाकडून करून घ्या किंवा स्वतः करा, क्रम मात्र हाच ठेवा: आधी बिघाड कुठे आहे ते बघायचं, मग डेटा बाहेर काढायचा, आणि विंडोज टाकायची ती सगळ्यात शेवटी.

नेमकं कुठे अडतंय?

बटण दाबल्यावर दिवाच लागत नाही, पंखा फिरत नाही, तर प्रश्न विजेचा आहे. चार्जर, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड यांत बघायचं. पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते किंवा बीप वाजतात, तर रॅम आणि डिस्प्ले तपासायचे. या दोन्ही वेळी विंडोजचा काही संबंध नसतो, कारण तिची पाळीच आलेली नसते. कंपनीचा लोगो दिसून पुढे गाडी अडली, तरच विंडोजवर संशय घ्यायचा.

तिथेही घाई नको. "नो बूटेबल डिव्हाइस" असा संदेश आला तर आधी मशीनला लावलेले पेनड्राइव्ह, कार्ड, बाहेरच्या डिस्क काढून पुन्हा चालू करा. तरी तेच आलं तर चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा (काही मशीनवर की वेगळी असते) आणि ड्राइव्हचं नाव तिथे दिसतंय का ते बघा. जो ड्राइव्ह बायोसलाच दिसत नाही त्यावर विंडोज टाकता येत नाही. त्याची केबल किंवा खाच सैल झालेली असते, नाहीतर ड्राइव्ह गेलेला असतो.

बायोसमध्ये तारीखही बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असण्याची शक्यता मोठी. सेल संपला की बऱ्याच मशीनवर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात: बूटचा क्रम (कुठल्या ड्राइव्हवरून आधी सुरू व्हायचं तो) बदलतो, सुरू होण्याच्या यूईएफआय या नव्या पद्धतीच्या जागी जुना लेगसी मोड येतो, स्टोरेजचा मोड (ड्राइव्हशी बोलायची पद्धत) रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट जातो. मग ठणठणीत विंडोजसुद्धा "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळी स्क्रीन दाखवते. नवा सेल घालून ही सेटिंग पूर्वीसारखी केली की तीच विंडोज, त्याच फाइलींसह पुन्हा उभी राहते.

बिघाड केवढा छोटा असू शकतो याचं मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे त्या दिवशी जगभरातली विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज सुमारे ८५ लाख मशीनचा होता. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू करून) जाऊन एका फोल्डरमधली ती सदोष फाइल काढायची. फॉरमॅट नाही, नवी विंडोज नाही.

विंडोज स्वतःच काय देऊ करते

लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता आलं नाही की विंडोज आपोआप दुरुस्तीची निळी स्क्रीन आणते. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढायची सोय आहे, विंडोजची सेटिंग आधीच्या तारखेवर नेणारं सिस्टिम रिस्टोअर आहे. या तिन्हींत तुमच्या फाइलींना हात लागत नाही, म्हणून आधी याच करून बघा.

त्याच स्क्रीनवर "रिसेट धिस पीसी" असतं. त्यातलं "कीप माय फाइल्स" निवडलं तर युझर फोल्डरमधल्या फाइली राहतात, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर जातात. "रिमूव्ह एव्हरीथिंग" म्हणजे नावाप्रमाणे सगळंच जातं. फाइली राहतील असं लिहिलेलं असलं तरी आम्ही आधी डेटा बाहेर काढल्याशिवाय हे बटण दाबत नाही. तुम्हीही दाबू नका.

डेटा: इथे वेळ द्या

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूसारख्या लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा) पेनड्राइव्ह बनवा, बंद पडलेलं मशीन त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय घ्या. आतला ड्राइव्ह उघडतो आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. कधी ड्राइव्ह "फक्त वाचता येईल" अशा अवस्थेत उघडतो, कारण फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेली असते. कॉपी करायला तेवढं पुरतं.

कॉपी काय करायचं यात सगळ्यात जास्त नुकसान एका समजुतीने होतं. "माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, सी ड्राइव्हमध्ये काही नाही, सी फॉरमॅट करा," असं सांगणारे ग्राहक येतात. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही तिथेच, "युझर्स" फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली. सी गेला की हे सगळं गेलं. म्हणून तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर उचला. त्याशिवाय आउटलुकची मेल फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा (तो अनेकदा थेट सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो) आणि टायपिंगसाठी वेगळे बसवलेले फॉन्ट आठवणीने घ्या. हे जुने फॉन्ट नसले की वर्षानुवर्षांच्या फाइली उघडतात, पण वाचता येत नाहीत.

डी ड्राइव्हवर टाकलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

हार्ड डिस्कमधून टकटक येत असेल, कॉपी रखडत असेल किंवा तपासणीत खराब सेक्टरचा (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा वाढताना दिसत असेल, तर त्या डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवू नका आणि विंडोज तर नकोच. अशा डिस्कला प्रत्येक तास जड जातो. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग बाकीचं. एसएसडीची (फिरती तबकडी नसलेल्या नव्या ड्राइव्हची) गोष्ट आणखी कडक आहे. हार्ड डिस्कवर चुकून क्विक फॉरमॅट झाला, तर वर काही नवं लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा परत मिळण्याची आशा असते. एसएसडीमध्ये ट्रिम नावाच्या आज्ञेमुळे मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती सहसा काही लागत नाही.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो, मालकाला पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसची काही सेटिंग हलवली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, ऑफिसचं मशीन असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाकडे. की नसेल तर तो डेटा आम्हालाही वाचता येत नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही. मशीन नीट चालत असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

विंडोज टाकताना

चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्यांचं मोफत साधन घ्या. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. कुणीतरी दिलेली "आधीच ॲक्टिव्हेट केलेली" विंडोज वापरू नका. तिच्यात आणखी काय घातलंय हे तुम्हाला कळणार नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचे व्यवहार करणार आहात.

विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्यामुळे नव्याने टाकायची तर विंडोज ११. तिला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. मशीन यात बसत नसेल तर तिथे जबरदस्तीने विंडोज ११ बसवण्यापेक्षा लिनक्स बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसू शकतात. नव्या मशीनवर "यूईएफआय" लिहिलेली घ्या. चुकीची घेतली की पुढे "या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही" असा जीपीटी-एमबीआरचा (डिस्कची मांडणी करण्याच्या नव्या-जुन्या पद्धतींचा) संदेश येतो आणि घाबरून लोक सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, उडवतात. तसं करू नका. मागे फिरा आणि दुसऱ्या ओळीवरून सुरू करा.

पार्टिशनच्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं नसतात. "डिस्क ०, पार्टिशन ३" असं दिसतं आणि ओळखायचं ते आकारावरून. म्हणून ज्या डिस्कवर विंडोज टाकायची नाही ती आधीच काढून ठेवा, बाहेरची बॅकअप डिस्क तर नक्कीच. यादी रिकामीच दिसली तर ड्राइव्ह गेला असं समजू नका. काही लॅपटॉपवर स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन तिथे द्यावा लागतो, मग ड्राइव्ह दिसतो.

विंडोज ८ पासून बहुतेक ब्रँडेड मशीनमध्ये लायसन्सची की मदरबोर्डमध्येच असते. की विचारली तर "माझ्याकडे नाही" म्हणून पुढे जा, पण होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रोच टाका. इंटरनेटला जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. वायफायच चालत नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट वापरा आणि आधी अपडेट, ड्रायव्हर पूर्ण होऊ द्या.

काही दिवसांत पुन्हा तोच त्रास सुरू झाला तर तिसऱ्यांदा विंडोज टाकू नका. रॅम आणि ड्राइव्ह तपासून घ्या.

मशीन आमच्याकडे आणताना

चार्जर आणा. स्क्रीनवर काय लिहून येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणा. बिघाडाच्या आधी काय घडलं तेही सांगा: अपडेट चालू होतं, वीज गेली, लॅपटॉप पडला, पाणी सांडलं. पाणी सांडल्याचं लपवू नका, त्याने तपासणीची दिशाच बदलते. रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी आणि त्यांच्या लायसन्सचे तपशील द्या. डेटा मावेल एवढी बाहेरची डिस्क असेल तर तीही आणा. टकटक आवाज येत असेल तर तोवर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, बंद ठेवूनच घेऊन या.