सोंडवाला मासा पाळायचा असेल तर आधी त्याची वीज समजून घ्या

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडच्या फिश टँकवाल्या दुकानांत कधीमधी एक काळपट, दोन्ही बाजूंनी चपटा मासा दिसतो, शेपटीकडे दोन पांढरट पट्टे आणि तोंडाखाली हत्तीसारखी छोटी सोंड. एलिफंटनोज. शास्त्रीय नाव ग्नॅथोनीमस पीटर्सी, गाव पश्चिम आणि मध्य आफ्रिका, म्हणजे नायजरपासून काँगोपर्यंतच्या नद्यांचं गढूळ, सावकाश वाहणारं पाणी. लोक सोंड बघून भुलतात आणि घेऊन जातात, आणि बऱ्याचदा काही आठवड्यांतच मासा खंगून मरतो. कारण हा मासा टाकीत नक्की काय अनुभवतो हे कोणी सांगतच नाही.

ती सोंड म्हणजे नाक नाहीच मुळी, ती लांबलेली हनुवटी आहे, तोंड तिच्या वर असतं. खाणं शोधताना मासा डोकं खाली करून ही हनुवटी वाळूवरून डावीकडे उजवीकडे फिरवत जातो, अंध माणूस पांढरी काठी फिरवतो अगदी तसं, फक्त ही काठी वस्तूला न टेकताच काम करते. त्याच्या शेपटीच्या बारीक देठात बदललेल्या स्नायूंचा एक अवयव असतो, तो अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही छोटे विजेचे पल्स सोडतो. मासा निवांत असेल तर सेकंदाला दहाच्या आत, पण काही शोधत असेल तर पन्नासच्या पुढेसुद्धा. प्रत्येक पल्सबरोबर अंगाभोवती विद्युतक्षेत्र तयार होतं, त्यात दगड आला की ते एका प्रकारे वाकतं, झाडाचं मूळ आलं की वेगळ्या प्रकारे, आणि हे बदल कातडीवरचे, खासकरून हनुवटीवर दाटीने बसलेले सेन्सर टिपतात. जिवंत पेशींमुळे पल्सचा आकारही थोडा बिघडतो आणि तो फरकसुद्धा याला कळतो, म्हणून किर्र अंधारात चिखलात दडलेली किड्याची अळी त्याला खड्यापासून वेगळी ओळखता येते. जर्मनीच्या गेरहार्ड फॉन डेर एम्डे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हा मासा अंधारात नुसत्या विजेवरून वस्तू किती लांब आहे हेही मोजतो. पण ही नजर जवळचीच, साधारण त्याच्या अंगाच्या लांबीएवढ्या टप्प्यात.

माशांना असली कमजोर वीज असते हे कळलं तेही फार जुनं नाही, केंब्रिजच्या हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये नाईलमधल्या जिम्नार्कस नावाच्या नातेवाईक माशावर ते दाखवलं. (त्याच नाईलच्या खोऱ्यात, प्राचीन इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस शहरात, एलिफंटनोजच्या कुळातल्या एका माशाला हजारो वर्षांपूर्वी देव मानायचे, त्याच्या ब्राँझच्या मूर्ती आजही म्युझियममध्ये आहेत.) दोन वायरी टाकीत सोडून एका छोट्या ऑडिओ अँप्लिफायरला जोडल्या तर स्पीकरमधून टक टक टक असे पल्स चक्क ऐकू येतात, आणि ब्लडवर्म म्हणजे खायच्या लाल अळ्या टाकल्या की टक टकची गर्दी होऊन नुसती करकर सुरू होते. मला विचाराल तर हा मासा पाळण्यातलं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. पाण्यात हात घातला तरी आपल्याला काहीच जाणवत नाही, शॉक वगैरेची भीती अजिबात नाही.

आता हे कळलं की पाळायचे नियम पाठ करावे लागत नाहीत. तळाला बारीक मऊ वाळूच हवी, टोकदार खडी टाकली की हनुवटी सोलवटते आणि तिथे इन्फेक्शन होतं, म्हणजे त्याचा मुख्य सेन्सरच जातो. पाण्यात क्षार वाढले की वीज जास्त वाहते आणि त्याचं क्षेत्र दुबळं पडतं, म्हणून आपल्याकडे मासा जरा आजारी दिसला की मूठभर मीठ टाकायची जी सवय आहे ती इथे नको. मुंबईचं तलावाचं पाणी क्लोरीन काढून चालतं, बोअरचं जड पाणी असेल तर आरओचं पाणी मिसळा. तांब्याची औषधं तर टाकूच नका. हीटर आणि पंप चांगल्या अर्थिंगवरच लावा, पाण्यात लीक होणारा करंट आपल्याला कळायच्या आधी याला छळतो.

दुसरी गोष्ट मेंदूची. एवढी विजेची माहिती समजून घ्यायला याचा मेंदू शरीराच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतो, माणसाचा २ टक्के. आपला मेंदू शरीराच्या ऑक्सिजनपैकी २० टक्के वापरतो, आणि १९९६ च्या एका अभ्यासात या माशाचा आकडा निघाला ६० टक्के! म्हणून एअर पंप कायम चालू हवा आणि जिथे तासन्‌तास लाईट जाते तिथे बॅटरीवाला पंप घेतल्याशिवाय हा मासा आणूच नका.

टाकी दोनशे लिटरच्या खाली नको, कारण घरातही तो वीतभर सहज होतो. पाणी २४ ते २८ डिग्री, उजेड मंद, लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा, आणि वर घट्ट झाकण कारण तो उडी मारतो. आपल्या जातीचे दोन-तीनच ठेवले तर त्यातला दांडगा बाकीच्यांना त्यांच्याच विजेवरून हुडकून पिडत राहतो, म्हणून एकटा ठेवा किंवा मोठ्या टाकीत पाच-सहा. खाणं रात्री लाईट बंद केल्यावर, फ्रोझन ब्लडवर्म किंवा जिवंत अळ्या, पेलेटला, म्हणजे तयार कोरड्या गोळ्यांना, बहुतेक तोंड लावत नाहीत, आणि सोबत सिक्लिडसारखे हावरे मासे असतील तर याच्या वाट्याला काहीच उरत नाही. तोंड इवलंसं असतं हो, भराभर खाणं त्याला जमत नाही.

अजून एक, दुकानात मिळणारे जवळपास सगळे नदीतून पकडून आणलेले असतात, टाकीत त्यांची पैदास जवळजवळ होतच नाही. लांबच्या प्रवासात उपाशी राहून ते आधीच खचलेले असतात. त्यामुळे घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा, डोक्यामागची पाठ खपाटीला गेलेली असेल किंवा हनुवटी तुटलेली असेल तर सोडून द्या, आणि खाताना दिसला तरच घ्या.