टीएमसी-१ म्हणजे एल-१५४४ नव्हे

वृषभ राशीच्या दिशेला, साधारण साडेचारशे ते साडेपाचशे प्रकाशवर्षांवर, टीएमसी-१ आणि एल-१५४४ या दोन काळ्या जागा आहेत, म्हणजे वायू आणि धुळीचे दाट मेघ. दोन्ही थंडगार आणि दोन्हींत अजून तारा नाही. एवढ्यावरून लोक दोन्हींचा एकच लेख करतात, वर मथळा 'ताऱ्यांचं पाळणाघर', आणि चित्र? मृगातल्या रंगीबेरंगी तेजोमेघाचं! त्या चित्रावर आता बोलतच नाही.

टीएमसी-१ बहुतेकांना ठाऊक असतो. तापमान १० केल्विन (म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस), दर घनसेंटिमीटरला १०,००० च्या घरात हायड्रोजन रेणू, कार्बनच्या लांबलचक साखळ्या, २०१८ साली जाहीर झालेला, कार्बनचं कडं असलेला बेंझोनायट्राइल हा रेणू. पुढे जाऊ.

एल-१५४४ चा मध्य थोडा अधिक थंड, ७ केल्विनच्या आसपास. हा फरक किरकोळ. घनता मात्र तिथे दर घनसेंटिमीटरला १० लाखांच्या वर जाते, आणि वायू आत कोसळू लागल्याच्या खुणा दिसतात. तारा नसलेला प्रत्येक गाभा, म्हणजे मेघातला दाट भाग, तारा होतोच असं नाही. काही विरूनही जातात. एल-१५४४ मात्र तारा होण्याच्या वाटेवर बराच पुढे गेलेला आहे.

खरी गल्लत होते ती कार्बन मोनॉक्साइडपाशी. इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू रेडिओलहरी देत नाही, म्हणून वायू मोजायचा तो कार्बन मोनॉक्साइडवरून, असं आपण शिकलेलो असतो. विरळ मेघात ते बऱ्यापैकी चालतं. एल-१५४४ च्या मध्याशी मात्र कार्बन मोनॉक्साइड दिसेनासा होतो, आणि कुणीतरी लिहून मोकळं होतं की मध्य पोकळ आहे. अहो, धुळीचं मिलिमीटर-तरंगांतलं तेज नेमकं तिथेच सर्वांत जास्त आहे! वायू भरपूर आहे. कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठून बसला आहे. खगोलशास्त्रज्ञ पाओला कॅसेली आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच हे दाखवलं.

गोठायला किती काळ लागतो याचा ढोबळ हिशेब मला फार आवडतो: १०० कोटींना घनतेने भागा, उत्तर वर्षांत येतं. घनता १०,००० असेल तर लाख वर्षं. १० लाख असेल तर जेमतेम हजार, मेघांच्या आयुष्यात क्षणभरच.

कार्बन मोनॉक्साइड हटला की बाकीचं रसायनशास्त्रही पालटतं. डायझेनिलियम आयनाला (दोन नायट्रोजन आणि एक हायड्रोजन असलेला विद्युतभारित रेणू) तोच खाऊन टाकत असतो, त्यामुळे आता तो आयन टिकतो. तीन हायड्रोजनांच्या ट्रायहायड्रोजन आयनात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शिरतं, आणि थंडीमुळे उलटी अभिक्रिया जवळपास होतच नाही, म्हणून ते तिथेच अडकून पुढे इतर रेणूंत पोचतं. विश्वात लाख हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचे जेमतेम दीड. एल-१५४४ मध्ये चार-पाच साध्या डायझेनिलियम आयनांमागे एक ड्युटेरियमवाला. म्हणून नुसता कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा दाखवून कुणी 'गाभा' म्हणू लागलं की मी आधी ड्युटेरियमचे आकडे मागतो.

हे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर दिसेल का, असंही विचारलं जातं. नाही. डायझेनिलियमची नेहमी पाहिली जाणारी वर्णपटरेषा ९३ गिगाहर्ट्झवर आहे आणि जीएमआरटी दीड गिगाहर्ट्झच्या आतच थांबते. त्यासाठी स्पेनमधल्या पिको वेलेता शिखराजवळच्या ३० मीटरच्या दुर्बिणीसारखं काहीतरी लागतं.