सर क्रीकची बोलणी, संसद आणि डहाणूचा खलाशी

१ जानेवारी आणि १ जुलै. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर ज्या घरातला खलाशी कराचीच्या तुरुंगात आहे, त्या घरात या दोन तारखा पाठ असतात. त्या दिवशी भारत आणि पाकिस्तान एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. बांबूला बोंबील टांगता टांगता घरची बाई एवढंच विचारते, "यादी आली का?"

ही माणसं स्वतःच्या बोटीने जात नाहीत. उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर हंगामभर राबतात. तिकडच्या समुद्रात दोन्ही देशांनी मान्य केलेली सीमारेषाच नाही, म्हणून बोट पलीकडे आली असं म्हणत पाकिस्तान खलाशांना पकडतो. या वादाचं मूळ सर क्रीकमध्ये आहे. ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली सुमारे ९६ किलोमीटरची खाडी. १९१४ मध्ये मुंबई सरकारने कच्छ आणि सिंध यांच्यातला वाद मिटवणारा ठराव केला. त्याच्या आधारे पाकिस्तान पूर्व किनारा ही सीमा मानतो. भारताचं म्हणणं, सीमा खाडीच्या मध्यप्रवाहातून जाते. खाडीचं मुख कुणाकडे किती, हे ठरल्याशिवाय पुढे समुद्रात रेषा ओढता येत नाही. १९६५ च्या चकमकींनंतर नेमलेल्या लवादाने १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा निवाडा दिला, पण सर क्रीक त्यातून वगळलेलंच राहिलं.

सीमेबाबत दोन देशांमध्ये होणाऱ्या अशा बोलण्यांत संसद कुठे येते? १९६० मध्ये पश्चिम बंगालमधल्या बेरुबाडी या भागाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. १९६९ मध्ये कच्छ निवाड्याबाबत त्याच न्यायालयाने म्हटलं, वादातली सीमा निश्चित करणं म्हणजे भूभाग देणं नव्हे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. समुद्राचं तर आणखी वेगळं. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याच्या कलम ९ नुसार शेजाऱ्याशी सागरी सीमा करारानेच ठरते आणि तो करार राजपत्रात छापायचा. म्हणजे संसदेने दार आधीच उघडून ठेवलंय, आत जायचं ते सरकारने.

संसद मनापासून पाठीशी उभी राहिली की काय होतं, हे बांगलादेशच्या बाबतीत दिसलं. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी जमीन-सीमा करारावर १९७४ मध्ये सह्या केल्या. बांगलादेशाने त्याच वर्षी घटना दुरुस्त केली. आपली शंभरावी घटनादुरुस्ती यायला २०१५ उजाडलं, पण लोकसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री १६२ छिटमहलांची, म्हणजे एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या भूभागांची, अदलाबदल झाली. तिथल्या लोकांना त्या रात्री देश मिळाला. या एकमताचा मला आजही अभिमान वाटतो.

खलाशांसाठी असं काही झालेलं नाही. २१ मे २००८ च्या कराराने, शिक्षा संपलेल्या आणि राष्ट्रीयत्वाची खात्री झालेल्या कैद्याला महिन्याभरात सोडायचं ठरलं. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समितीही नेमली होती. तिने तुरुंगांत जाऊन कैदी पाहिले, सुटकेच्या शिफारशी केल्या. तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ ची. ती समिती पुन्हा बसवायला घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. कोकणातल्या खासदारांनी सभागृहात तेवढाच प्रश्न अधिवेशनागणिक लावून धरला, तरी या घरांना ती बोलणी आपली वाटतील.