होडी तरंगते ते ठीक, पण ती उलटत का नाही?

तलावपाळीला बोटिंग केलेल्या प्रत्येक ठाणेकराने ही आरोळी ऐकलेली असते, "ओ दादा, उभे राहू नका, बसा खाली!" आपण फोटोसाठी जरा उठलेलो असतो, होडी एकदम डगमगते, पोटात गोळा येतो आणि गपचूप बसावं लागतं. आता याच्यामागचं फिजिक्स विचारा, दहातले नऊ जण आर्किमिडीज, टब आणि युरेका सुरू करतील. पण ते तत्त्व होडी तरंगणार की बुडणार एवढंच सांगतं. आपण उभे राहिलो म्हणून आपलं वजन वाढत नाही, होडीने बाजूला सारलेलं पाणी होतं तेवढंच राहतं, प्लावक बल, म्हणजे पाण्याचं वर ढकलणं, तेही तेवढंच. मग बदललं काय? तर हा दुसराच प्रश्न आहे, आणि त्याचं खऱ्या जहाजांना लागू पडेल असं उत्तर मिळायला आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

टबाची गोष्टही जाता जाता उरकून टाकू. आर्किमिडीज गेला इसवीसनपूर्व २१२ मध्ये, आणि मुकुटाची नि टबाची गोष्ट सांगतो तो व्हिट्रुवियस नावाचा रोमन, तोही दीड-दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंवर स्वतः जे दोन भाग लिहिले त्यात ना टब आहे ना नागडं धावणं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या भागात त्याने नेमका आपला प्रश्न घेतलाय, की तरंगणारी वस्तू तिरकी केली तर ती परत सरळ होईल का. पण वस्तू कोणती, तर पॅराबोलॉइड, म्हणजे साधारण वाडग्यासारखा आकार, जहाज नव्हे. गणित इतकं पुढचं होतं की जहाज बांधणाऱ्यांपर्यंत ते कधी पोचलंच नाही. १२६९ मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि मूळ ग्रीक मजकूर तर कुणीतरी खरवडून त्याच चामड्यावर प्रार्थना लिहून ठेवल्या होत्या, त्या प्रार्थनांखाली तो १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडला. म्हणजे शाळेत आपण पहिला भाग घोकतो, दुसऱ्याचं नावही कुणी काढत नाही.

मग मधल्या काळात जहाजं कशी बांधायचे? नजरेने. मिस्त्रीच्या हाताला जे कळायचं ते, आणि बापाने बांधलं तसंच. आपल्याकडे कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवरायांची जहाजं तयार झाली ती अशीच, आणि तिकडे युरोपातही वेगळं काही नव्हतं. जोवर जुन्याच मापाचं गलबत बांधताय तोवर हे चालतं. पण कुणी वरिष्ठ म्हणाला की अजून एक मजला चढवा, तोफा वाढवा, की खेळ संपला.

स्वीडनचं वासा हे जहाज त्याचा नमुना. राजा गुस्ताव अडॉल्फला घाई, तोफांचे दोन मजले, ६४ ब्राँझच्या तोफा, वरचा भाग जड आणि खालचा अरुंद. निघण्याआधी धक्क्याला बांधलेलं असतानाच त्याची परीक्षा घेतली होती हो, ३० खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवलं, तीन फेऱ्यांत जहाज इतकं हलायला लागलं की ॲडमिरलने परीक्षाच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून ते निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं आणि लोक काठावर बघत असताना बुडालं. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही (हे वाचून मला का कोण जाणे अगदी घरच्यासारखं वाटलं). १९६१ मध्ये ते वर काढलं आणि आज म्युझियममध्ये आहे.

उत्तर शेवटी आलं ते एका फ्रेंच माणसाकडून, आणि तेही समुद्रकाठी बसून नाही. प्येर बुगे १७३५ मध्ये पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मोहिमेत होता, अँडीज पर्वतात वर्षानुवर्षं अडकला आणि तिथे बसून जहाजांवरचं लिखाण करत राहिला, ते छापलं १७४६ मध्ये. त्यातच मेटासेंटर ही कल्पना आहे. त्याच सुमारास गणितज्ञ ऑयलर स्वतंत्रपणे तिथेच पोचला, त्याचा ग्रंथ १७४९ चा. या दोघांचं जुनं नातं पण भारी आहे, १७२७ मध्ये पॅरिसच्या अकादमीने जहाजाच्या डोलकाठ्यांवर स्पर्धा ठेवली होती, बक्षीस बुगेला मिळालं आणि वीस वर्षांचा ऑयलर दुसरा आला.

तर मेटासेंटर म्हणजे काय ते साध्या भाषेत. होडीचं नि माणसांचं मिळून वजन एका बिंदूतून खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. पाणी वर ढकलतं ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून. होडी सरळ असेल तर दोन्ही एकाच उभ्या रेषेत. होडी उजवीकडे कलली की उजवीकडचा जास्त भाग पाण्यात जातो, बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि त्याचा मध्य उजवीकडे सरकतो, म्हणजे पाणी आता उजवीकडून वर ढकलतंय आणि होडीला परत सरळ करतंय. या नव्या जागेवरून उभी रेषा वर काढा, ती होडीच्या मधल्या रेषेला जिथे कापते तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर होडी परत येते, वर गेला तर तेच वजन होडीला अजून पाडतं. बस्स, उभं राहिल्यावर हेच होतं, वजन तेवढंच पण त्याची जागा वर गेली.

आकडे घालून बघू म्हणजे पटेल. समजा खोक्याच्या आकाराची डोंगी, ४ मीटर लांब, ७० सेंटीमीटर रुंद, माणसांसकट ३०० किलो. ती पाण्यात साधारण ११ सेंटीमीटर बुडेल आणि मेटासेंटर तळापासून फक्त ४३ सेंटीमीटरवर येईल. तळाशी मांडी घालून बसलात तर जेमतेम निभावेल, उभे राहिलात तर तुमचा स्वतःचा मध्यच तळापासून ९० सेंटीमीटरच्या वर, मग गेलात पाण्यात. आता वजन तेवढंच ठेवून रुंदी दुप्पट करा, १.४ मीटर, मेटासेंटर जातो तीन मीटरच्याही वर! कारण सूत्रात रुंदीचा घन येतो, दुप्पट रुंदीला आठपट फळ. तळकोकणात होडीला बाजूने लाकडाची उलांडी लावतात ना, ती याच कामाची, अख्खी होडी रुंद न करता पाण्यावरची पकड लांब नेते. बुगेच्या सूत्राची वाट न बघता लोकांनी ते करून ठेवलं होतं.

एवढं कळल्यावर प्रश्न संपायला हवा होता, पण मेटासेंटर थोड्याशा कलण्यापुरताच खरा. होडी खूप कलली आणि कडेवरून पाणी आत आलं की सगळं गणित फिरतं. इंग्लंडचं कॅप्टन नावाचं लढाऊ जहाज असंच, डेक पाण्यापासून जेमतेम दोन मीटर वर, त्यावर पूर्ण शिडं. ७ सप्टेंबर १८७० च्या रात्री स्पेनजवळ वाऱ्यात उलटलं, सुमारे ४८० माणसं गेली, त्यात ज्याने ते आखलं तो कोल्सही होता. जास्तीत जास्त सरळ करण्याची ताकद त्याला २१ अंशांवरच मिळायची, बरोबरच्या मोनार्क या जहाजाला ४० अंशांवर. तेव्हापासून एक आकडा बघून भागत नाही, कोन वाढेल तशी ही सरळ करण्याची ताकद कशी बदलते त्याचा अख्खा वक्र काढतात.

आणि मग माल. मालक लोभाने जहाज इतकं भरायचे की काठ पाण्याला टेकायचा, म्हणून सॅम्युअल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने रान उठवलं आणि १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची खूण आली, म्हणजे माल भरून जहाज इथपर्यंतच बुडवायचं. आजच्या खुणांमध्ये गोड्या पाण्याची रेघ वेगळी असते, कारण गोडं पाणी हलकं, तेवढ्याच मालाला जहाज जास्त बुडतं.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र माणसांचं एका बाजूला पळणं आणि आत साचलेलं पाणी. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट आपल्याकडे घराघरात माहिती आहे, भर पावसाळा, खवळलेला दर्या, ६०० हून जास्त लोक गेले, आणि बहुतेक हकिगतींत लाटेनंतर लोक एका बाजूला धावल्याचं येतं. म्हणजे वासाच्या त्या ३० खलाशांचीच परीक्षा, फक्त शेकड्यांनी. साचलेल्या पाण्याचंही तसंच, होडी कलली की ते पाणी खालच्या बाजूला धावतं, आणि ते कुणाच्या ओरडण्याने थांबत नाही. १९८७ मध्ये बेल्जियमजवळ एक फेरी पुढचं दार उघडंच ठेवून निघाली, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, काही मिनिटांत आडवी झाली, १९३ जण गेले. ऐरोली-दिव्याकडचे कोळी होडीत पाणी दिसलं की सगळं टाकून आधी उपसायला लागतात ते उगाच नाही.

आज नवीन जहाज पाण्यात उतरलं की त्याची परीक्षा घेतात, वासाचीच परीक्षा पण शहाण्यासारखी, ठरलेली वजनं डेकवर हळूच एका बाजूला सरकवायची आणि जहाज किती कललं ते गवंड्याच्या ओळंब्यासारखा लंबक टांगून मोजायचं, त्यावरून गुरुत्वमध्य कुठे आहे ते निघतं. तलावपाळीवर लंबक वगैरे काही नाही, तिथला माणूस आपण चढायच्या आधी एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघतो आणि म्हणतो, "काका तुम्ही इकडे, ताई तुम्ही पोरांना घेऊन तिकडे, हां, आता बसा."